देवावरून उतरवलेला तुरा

पितळेच्या ताम्हनात, बाळकृष्णाच्या पायाशी, जांभळट-गुलाबी ऑर्किडचा एक अख्खा तुरा आडवा पडलाय, त्याच्या खालच्या पाकळीला आईच्या बोटाचं ओलं कुंकू लागलंय, आणि उदबत्तीचा धूर सावकाश खिडकीकडे सरकतोय... आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातलं बालपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं, आणि अजूनही माझी मान खाली जाते.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबांच्या नोकरीपायी आम्ही पुणं सोडून आलो होतो. आईनं स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये — कपाटाला तिथे प्रेसच म्हणतात — देव मांडले होते, आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या उबदार कपाटात, धुतलेल्या टॉवेलांच्या वासात, तिचं दही लागायचं. सगळं जमलं होतं, फक्त फुलं नव्हती. दुकानातली, प्लॅस्टिकात गुंडाळलेली फुलं देवाला वाहणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून शनिवारी सकाळी ती मला परडी देऊन पिटाळायची. "बाहेर आलेलंच तोड हं. कुंपणाच्या आत हात घालायचा नाही!" पुण्यात आमच्या कॉलनीचा हाच कायदा होता, भिंतीबाहेर डोकावलेलं फूल देवाचं, त्यासाठी कुणी कुणाला विचारत नसे.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी शेजारच्या लिन काकूंच्या बुटक्या भिंतीवरून तो तुरा बाहेर झुकला होता. मी मुठीत धरला आणि ओढला.

लिन काकू एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होत्या. साबणाच्या पाण्यानं त्यांच्या हातांना भेगा पडत, आणि त्या भेगांत त्या एक पांढुरकी पूड भरत — बायजीची, म्हणजे याच ऑर्किडच्या जमिनीखालच्या, आल्यासारख्या गड्ड्यांची. चीनमधल्या त्यांच्या गावी रक्त थांबवायला, जखम भरून यायला पिढ्यान्‌पिढ्या हेच औषध. निघताना त्यांच्या आईनं परसातले चार गड्डे बांधून दिले होते. तीन इथल्या ओल्या मातीत कुजले. चौथा दर हिवाळ्यात मातीत गडप होई आणि वसंतात नुसती चुण्या-चुण्यांची पानं काढी. तिकडे अंथरुणाला खिळलेली आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकच विचारायची — फुललं का?

हे सगळं आम्हाला त्या दुपारी कळलं. आई मला घेऊन कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली, तर लिन काकू त्या मोडक्या देठापाशी बसून रडत होत्या. "चार वर्षांनी आलं होतं," त्या म्हणाल्या. "उद्या आईला दाखवणार होते." आईनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ती तडक घरात आली.

देवाला वाहिलेलं फूल परत उचलून कुणाला देत नाहीत. आई या बाबतीत फार कडक. पण तिनं हात जोडले, "चुकलं रे देवा," असं पुटपुटली आणि ताम्हनातला तुरा उचलला. भिंतीपाशी जाऊन लिन काकूंच्या हातात तो देत म्हणाली, "मी तोडला. मला माफ करा." मी तोंड उघडलं, तिनं माझा दंड दाबला... आणि मी गप्प बसले. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

रविवारी काकूंनी आम्हालाही बोलावलं. तुरा एका चिंचोळ्या बाटलीत घालून त्यांनी बाटली पानांच्या आड मातीत रोवली होती. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला, पुढे झुकला, बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्या आजींनी पाकळीवरच्या लाल ठिपक्याबद्दल काहीतरी विचारलं. "देवाचं आहे, शुभ असतं," आई म्हणाली. काकूंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आजी हसल्या आणि काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ती म्हणते, लाल आमच्याकडेही शुभच."

पुढच्या मे महिन्यात दोन तुरे आले, तेव्हा आजी नव्हत्या.

नंतर काकू कायमच्या चीनला परतल्या. जाताना एक गड्डा त्यांनी आईला दिला. दोन वर्षांपूर्वी आईही वारली. आता ती कुंडी डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या माझ्या फ्लॅटच्या खिडकीत असते. यंदा ती फुलली तेव्हा मी काकूंना फोन लावून तुरा दाखवला, आणि इतक्या वर्षांचं एकदाचं बोलून टाकलं. "काकू, त्या दिवशी आईनं नाही... मी तोडला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझी आई कोथिंबीरसुद्धा नखानं खुडायची. मी रोज बघायचे. तो देठ ओढून तोडलेला होता, तंतू लोंबत होते. पण ती म्हणाली, मी तोडला, तर मी म्हटलं, बरं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. आईचं ताम्हन माझ्याकडेच आहे. ते त्या दिवशी रिकामंच ठेवलं. बोटावर थोडं ओलं कुंकू घेतलं, आणि खिडकीशी जाऊन झाडावरच्या तुऱ्याच्या खालच्या पाकळीला लावलं.