मनुबाईने गियर टाकला

कल्याणच्या मोटारस्टँडावर त्या काळी कुणाचा दात पडला, की लोक आधी विचारायचे, "हँडलने की मनुबाईने?" हँडल म्हणजे गाडी सुरू करायचा लोखंडी दांडा. आणि मनुबाई म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्यातली बाई. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, उंची बेताची, आवाज मात्र असा, की दुर्गाडीवरून हाक मारली तर शहाडला बसलेल्या म्हशींनी उठून उभं राहावं.

तिच्या नवऱ्याबद्दल गावात दोन मतं होती. एक असं, की तो वसईच्या बाजूला दुसरीबरोबर राहतो. दुसरं असं, की तो एकटाच राहतो, पण निदान जिवंत राहतो. खरं काय ते मनुबाईला विचारायची छाती कुणाची? एका पोस्टमनने विचारलं होतं. त्यानंतर वर्षभर कोळीवाड्यातली पत्रं मारुतीच्या देवळात ठेवून तो तिथूनच मागे फिरायचा.

मनुबाई मुरबाडच्या बाजारी म्हावरं, म्हणजे मासळी, विकायची. खाडीची कोलंबी, बोई, निवट्या आणि जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. पहाटे पाटी भरायची, सूर्य वर आला की मोटारस्टँडावर यायची, आणि बाजार भरायच्या आत मुरबाड गाठायचं. उन्हं चढली की कोलंबी वास मारते, आणि वास मारलेली कोलंबी मुरबाडचं कुत्रंही हुंगून सोडतं. तेव्हा वेळेवर पोचणारी गाडी हे तिचं पोट होतं.

सरकारची एसटी तोवर बऱ्याच रस्त्यांवर धावू लागली होती, पण मुरबाडच्या वाटेवर अजून दोन खाजगी मालक एकमेकांच्या उरावर बसलेले होते. एक काळुराम पाटील, दुसरे गोपीनाथशेठ. दोघांच्या मिळून तीन गाड्या, त्यातल्या दोन चालायच्या. दोन्ही एकाच वेळेला सुटायच्या, कारण आधी जो सुटेल तो वाटेतला सगळा उतारू उचलणार. मग ओढाओढ. एकदा नवरा काळुरामच्या गाडीत आणि बायको गोपीनाथशेठच्या गाडीत कोंबली गेली. धोतराचा सोगा मात्र दोन्ही गाड्यांत होता. आज याच्या टायरखाली खिळे, उद्या त्याच्या पेट्रोलच्या टाकीत गूळ. चाकू निघाला नाही असा आठवडा गेला, तर स्टँडावरचे हमाल म्हणायचे, "कायतरी बिघडलंय."

आता या मारामाऱ्यांच्या मधोमध मनुबाई कशी आली? तर भवानीमुळे. दिवसाचा पहिला उतारू म्हणजे गाडीची भवानी. त्याच्या हातचं नाणं स्टिअरिंगला लावायचं, कपाळाला लावायचं, मग इंजिन सुरू करायचं. आणि भरल्या पाटीची कोळीण भवानीला मिळाली, तर ती गाडी वाटेत बंद पडत नाही, ही दोन्ही मालकांची पक्की श्रद्धा. पुरावाही होता. मनुबाई बसली की गाडी वेळेवर पोचायचीच. ड्रायव्हर म्हणायचे देवीची कृपा. खरं कारण असं, की मनुबाई ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे बसायची. त्याने चहाला गाडी थांबवली की डोक्यावरची ओली चुंबळ त्याच्या मानेवर बसायची. टायर बसला की ती उतारूंना शिव्या घालून खाली उतरवायची आणि चाक बदलेपर्यंत कुणाला विडी ओढू द्यायची नाही. कृपा ती हीच.

पण एक अट होती, आणि ती स्टँडावरच्या पोरासोरांनाही ठाऊक होती. भवानी आपल्या पायांनी चढली पाहिजे. तिला बोलवायचं नाही, मागून हाक मारायची नाही, आणि पाटीला तर हात लावायचाच नाही. ओढून आणलेली भवानी म्हणजे घरात ओढून आणलेली साडेसाती.

मनुबाई चढायची काळुरामच्या गाडीत. तिथला ड्रायव्हर सहदेव आडदांड, तोंडाचा घाण, पण वेळेचा पक्का. आणि यातली चविष्ट गोष्ट अशी, की समोरची, गोपीनाथशेठची गाडी चालवायचा धाकू, मनुबाईचा सख्खा धाकटा भाऊ! आई गेली तेव्हा धाकू दीड वर्षाचा. मनुबाईने त्याला कडेवर घेऊन जाळी विणली होती. तोच भाऊ आता ड्रायव्हर झाला होता, आणि बहीण रोज सकाळी त्याच्या नाकासमोरून पाटी नाचवत दुसऱ्याच्या गाडीत जात होती.

कारण साधं होतं. दारूबंदी झाल्यापासून कांब्याच्या अलीकडे एका करवंदीच्या जाळीमागे हातभट्टीची मिळायची, आणि धाकूच्या गाडीचा रेडिएटर नेमका तिथेच तापायचा.

एका संध्याकाळी गोपीनाथशेठने धाकूला पेढीवर बोलावलं. शेठ कधी ओरडायचे नाहीत. सुपारी कातरत हळू बोलायचे, म्हणून जास्त भीती वाटायची.

"धाकू, उद्या बाजार. उद्या तुझ्या बहिणीची भवानी माझ्या गाडीत झाली, तर गाडीची किल्ली तुझ्याकडे. नाही झाली, तर भिवंडीचा एक माणूस मी बघून ठेवलाय. तोही तुझ्यासारखाच काळा आहे, उतारूंना फरक कळायचा नाही."

धाकूला तीन मुली, आणि गाडी सोडून दुसरं काही येत नव्हतं. जाळं टाकायला गेला तर स्वतः अडकायचा. तो तडक मनुबाईच्या दारात गेला. ती चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधत होती.

"बाय, उद्याच्या दिस माज्या गारीत बस."

"कशाला? कांब्याला कोलंबीचं तेरावं घालाला?"

"शेठ मना कारून टाकील गो."

"शेठ शाना हाय."

"सख्खा भाव हाय मी तुजा!"

"म्हावरं भाव-बहीन वलखत नाय रं, धाक्या. त्याला ऊन कलतं." तिने नांगी आवळली ती अशी, की ती मोडलीच. "दारू सोर. मंग मी काय, माजं भूतबी बसंल तुज्या गारीत."

धाकू दार आपटून गेला. त्याच्या पाठीकडे ती बराच वेळ बघत राहिली, असं शेजारणीने सांगितलं. पण शेजारीण मनुबाईशी पाण्यावरून भांडलेली होती, तेव्हा चांगलं सांगितलंय म्हणजे खरंच असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या तोंड वळवून उभ्या. मनुबाई आली. डोक्यावर पाटी, कमरेला कोयती, नजर समोर. नेहमीसारखी सहदेवच्या गाडीकडे वळली, आणि धाकूचा तोल सुटला. तो मागून धावला आणि बहिणीच्या डोक्यावरची भरली पाटी त्याने दोन्ही हातांनी उचलून घेतली!

हमालांनी विड्या तोंडातून काढल्या.

पाटी गाडीत टाकली की बहीण मागे येईलच, असा त्याचा हिशेब. पाटी त्याने दारातून आत ढकलली, आणि मनुबाई खरंच मागे आली. आली ती चुंबळ फिरवत. "मेल्या! पाटीला हात? आयशीनं तुना खारीत सोरला असता तं बरा!" चुंबळीचे दोन तडाखे धाकूच्या तोंडावर बसले, ओठ फुटला. लोक हसायला लागले.

सहदेव हसला नाही. त्याची भवानी चोरली गेली होती. तो हँडल घेऊनच आला. "साल्या, बायकांच्या पाट्या पळवतोस?" म्हणाला आणि हाणलं. धाकूने डोकं वाचवायला डावा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज, सांगतात, पलीकडच्या टांग्याच्या घोड्याने ऐकला आणि तो बिचकला. हात कोपराखाली नको त्या जागी वाकला. धाकू गुडघ्यावर आला. सहदेवने हँडल पुन्हा उचललं, आणि या खेपेला डोकं उघडं होतं.

क्षणापूर्वी जी बाई भावाला मारत होती, तीच वळली. ती सहदेवच्या अंगावर गेली ती धावत नाही, लाटेसारखी. दोघे मिळून धाकूच्या गाडीच्या दारावर आदळले, पाटी कलंडली, सुतळ्या सुटल्या, आणि चिंबोऱ्या स्टँडभर. कोलंबीत पाय घसरून दोन उतारू आडवे झाले. सहदेवने मनुबाईच्या केसांना धरून तिचं डोकं मडगार्डवर आपटलं. कपाळातून रक्त आलं, ते डोळ्यात गेलं. मग कोयती चमकली. धारेची बाजू होती की पाठीची, यावर कल्याणात अजून एकमत नाही. पण सहदेवच्या उजव्या कानाचा वरचा तुकडा त्या दिवशीपासून कुणी पाहिलेला नाही. पुढे चौकीवर हवालदाराने विचारलं, तेव्हा मनुबाई शांतपणे म्हणाली, "चिंबोरीनं तोरला, साहेब. मोठ्या नांगीची होती." हवालदाराने तसंच लिहून घेतलं. त्याच्या घरी मासळी तिचीच जायची.

सहदेव कान धरून बोंबलत बसला. मनुबाईने त्याचं हँडल उचलून धाकूच्या गाडीत फेकलं, हातांनी ओंजळी भरभरून म्हावरं पाटीत टाकलं, अर्धं मातीत राहिलं. मग पदराने डोळ्यातलं रक्त पुसलं, आणि सगळ्यांच्या देखत, आपल्या पायांनी, धाकूच्या गाडीत चढली.

"ऊठ," ती धाकूला म्हणाली.

"बाय, हात..."

"दुसरा हाय ना? ऊठ. ऊन चरतंय."

गाडीला गियर डाव्या हाताचा, आणि धाकूचा डावा हात कोपराखाली लोंबत होता. तो सीटवर बसला, स्टिअरिंग उजव्या हातात. एका हमालाने पुढून हँडल मारून इंजिन सुरू केलं. मनुबाई डावीकडे इंजिनच्या पेटीला पाय लावून उभी राहिली. त्याने क्लच दाबला, म्हणाला, "पुढं," आणि तिने दांडा दोन्ही हातांनी पकडून होडीचं वल्हं मारावं तसा हाणला. गाडी किंचाळली, उडाली, निघाली. उतारूंनी देवाची नावं घेतली. ज्यांना उतरायचं होतं त्यांना वेळ मिळाला नाही.

शहाड गेलं, म्हारळ गेलं. प्रत्येक गियरला तिचं कोपर धाकूच्या मोडक्या हाताला लागायचं आणि तो गुरासारखा ओरडायचा. "मागं! मागं खेच गो! आये!" ती म्हणायची, "बोंबल, पन वाटंवर नजर ठेव." कांबा जवळ आलं. जाळी आली. धाकूने तिकडे मान वळवली. कळा सोसवत नव्हत्या, एक घोट मिळाला तर! त्याचा पाय ब्रेककडे सरकला. मनुबाईने चिंबोरी धरतात तसा त्याचा मोडका हात धरला. पाय परत जागेवर गेला.

तोवर मागून भोंगा. हँडल नव्हतं, म्हणून लोकांनी ढकलून सहदेवची गाडी सुरू केली होती, आणि तो एका हाताने कान दाबून, शर्ट लाल करून, सुसाट येत होता. रायत्याचा पूल अरुंद, एकाच गाडीपुरता. सहदेवने पुलाच्या तोंडाशी उजवीकडून घुसवली. लाकडाला लाकूड घासलं, खिडकीतल्या एका म्हाताऱ्याची दोन बोटं सोलून निघाली, बायका खाली बसल्या. धाकू ओरडला, "दुसरा! दुसरा टाक!" मनुबाईने सगळं अंग दांड्यावर टाकलं. गाडी हिसका देऊन पुढे गेली, सहदेवची गाडी कठड्याच्या दगडावर. रेडिएटर फुटला, काच गेली. तो जगला. पुढचे दात मात्र तिथेच राहिले. ते हँडलने गेले म्हणावे की मनुबाईने, हा वाद हमालांनी महिनाभर पुरवला.

मुरबाडचा बाजार भरायच्या आत गाडी पोचली. धाकू स्टिअरिंगवर कोसळला. मनुबाईने आधी उरलेलं म्हावरं विकलं, मग भावाला बैलगाडीत घातलं आणि गुणाजी हाडवैद्याच्या अंगणात नेऊन टाकलं.

हाड बसवताना माणूस उडतो, म्हणून कुणीतरी छातीवर बसावं लागतं. मनुबाई बसली. गुणाजीने हात ओढला आणि धाकूची किंकाळी ऐकून पिंपळावरचे कावळे उडाले. त्याच वेळेला गोपीनाथशेठ एका मालमोटारीने येऊन फाटकाशी उभे राहिले. गाडी वेळेवर पोचल्याचं त्यांना कळलं होतं. पुलावर गाडीची बाजू कशी घासली, तेही.

"किती दिवस लागतील?" त्यांनी गुणाजीला विचारलं.

"चाळीस. त्याच्या आधी हलवला तर पुन्हा मोडेल."

शेठने सुपारी काढली, तोंडात टाकली नाही. "मनुबाई, तुमचा भाऊ चांगला आहे. पण चाळीस दिवस गाडी उभी ठेवणं मला..."

"उबी कोन ठेवतं? त्या भिवंडीवाल्याला चालवू द्या," भावाच्या छातीवरून न उठता मनुबाई म्हणाली. "भवानी मी तुमच्या गारीत करीन. रोज. पन जागा धाक्याची. एकेचालिसाव्या दिवशी किल्ली त्याला नाय दिलीत, तं मी काळुरामच्या गारीत. आन् जाताना तुमच्या दारावरून जाईन, रिकामी पाटी घेऊन."

रिकाम्या पाटीची कोळीण सकाळी दारावरून गेली, तर अपशकुन किती मोठा, ते शेठ जाणत होते. त्यांचा चेहरा पडला.

"आणि दारू?"

"ती बघते मी."

खालून धाकू घुसमटत म्हणाला, "बाय, ऊठ ना आता. बसलं हार. जीव जातोय."

"थांब. शेठ अजून हो बोलले नाय."

गुणाजी हात थांबवून शेठकडे बघू लागला. अंगणातले बाकीचे रोगीही बघू लागले. शेठने कमरेला लावलेली गाडीची दुसरी किल्ली सोडली, पुढे आले, आणि ती धाकूच्या उशाशी, मातीत ठेवली.

"चाळीस दिवस," ते म्हणाले.

मनुबाई उठली. धाकूने खोल श्वास घेतला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. हातासाठी की किल्लीसाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिने त्याच्या तोंडावरचं रक्त पदराने पुसलं. ओठ तिनेच फोडलेला होता, तिथे मात्र हात जरा हलका ठेवला.