मटिल्डा टीचरांच्या बागेत आलेले पाहुणे

मटिल्डा टीचर मूळच्या वटार गावच्या, बागायती वाडीत वाढलेल्या. पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि कामणच्या डोंगरापायथ्याशी जमीन घेऊन एकट्याच राहू लागल्या. पहिल्याच उन्हाळ्यात वणव्याने त्यांची सगळी आंब्याची कलमं जाळली.

टीचरांनी कागदावर नव्या बागेचा नकाशा काढला. कुंपणालगत पंधरा हातांचा पट्टा, गवत खरवडून काढलेला. त्याच्या आत अडुळशाची रांग. मग करंज, जांभूळ, उंबर. उन्हाळ्यातही हिरवी राहणारी इथलीच झाडं, अंतर सोडून, खालच्या फांद्या छाटून. घराभोवती नुसती लाल माती. पडलेलं पान रोज झाडायचं.

शेजारच्या प्लॉटवर रविवारी येणारा चंद्रहास हसायचा. "टीचर, बाग करताय की किल्ला?"

"हसताय काय? तुमच्या अंगणात गुडघाभर गवत वाळलंय."

सातव्या वर्षी, मार्चमधल्या एका रविवारी भरदुपारी पाखरं एकदम गप्प झाली. टीचर झाडू घेऊन बाहेर आल्या, तर जांभळाखाली एक ससा बसलेला. त्यांना पाहूनही हलेना. मागून मुंगूस आलं, धामण आली, पोराला पोटाशी धरलेली वानरीण आली. कुणी कुणाच्या वाटेला गेलं नाही. सगळी डोंगराकडे तोंड करून बसली. हवेत धुराचा वासही नव्हता.

टीचरांनी कुंपणावरून हाक मारली, "चंद्रहास, इकडे या. आत्ता!"

"काय झालं?" म्हणत तो आला आणि दारातच थिजला.

अर्ध्या तासाने डोंगरमाथ्यावर धूर उठला. आग कडकडत खाली आली, चंद्रहासची शेड पेटली. पट्ट्याशी ज्वाळा पोचल्या तेव्हा सगळ्या जनावरांनी माना वळवल्या आणि टीचरांकडे पाहिलं. एकदम. पापणी न लववता.

नकळत टीचरांनी वर्गात धरायच्या तसा तळवा पुढे केला. "बसा," त्या हळूच म्हणाल्या.

सगळी बसून राहिली. अडुळशाची पानं करपली, पण आग पट्टा ओलांडू शकली नाही. दोन्ही बाजूंनी निघून गेली.

संध्याकाळपर्यंत जनावरंही एकेक करून गेली. त्या पावसाळ्यात चंद्रहासने टीचरांकडून करंजाची रोपं नेली. त्या दुपारबद्दल कुणी विचारलं, तर तो आगीचं सगळं सांगतो. त्या नजरांचं मात्र सांगत नाही.