रंगनाथ दोंदेने पुसलेली यादी

रंगनाथ दोंदेच्या हातून एकही नोंद कधी सुटली नाही. हा त्याचा गुण, आणि याच गुणाने त्याचं घर बसलं. आळशी कारकून असता तर आज त्याची बहीण सुखाने नांदत असती. पण तो पडला काटेकोर. दवाखान्यातले लोक त्याला हसून म्हणायचे, दोंदेला शिंक आली तरी तो तारीख टाकील.

बाप एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला, घर जवळच्याच वस्तीत. सत्त्याहत्तर साली विमल बारा वर्षांची होती. आईने, भिमाबाईने, तिला न्हाऊ घालताना दंडावर एक फिकट चट्टा पाहिला. चिमटा काढला तर पोरीला कळेना. भिमाबाईने दार लावून घेतलं आणि रंगनाथला तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बहिणीला सायकलवर पुढे बसवून नाशिकरोडला महारोगाच्या धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हातारे, फटकळ आणि मनाचे मोठे. त्यांनी गोळ्या दिल्या, भिमाबाईला भीती सोडायला सांगितलं, आणि हा मॅट्रिक झालेला, टायपिंग येणारा भाऊ दर महिन्याला न चुकता येतो हे पाहून वर्षभरात त्याला कारकून म्हणून ठेवून घेतलं.

विमल बरी झाली. ब्याऐंशी साली गोळ्या बंद झाल्या, चट्ट्याची खूणही राहिली नाही. चौऱ्याऐंशीत तिला लासलगावचं स्थळ आलं. नवरा झुंबर, कांद्याच्या मार्केटात मापाडी, सरळ माणूस. सांगायचं का, असं रंगनाथने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जो रोग उरलाच नाही तो सांगतोस कशाला? घरातल्या चौघांनी तोंड मिटलं आणि लग्न लागलं. वर्षाच्या आत विमलला मुलगा झाला. भिमाबाई त्या दिवशी पहिल्यांदा बाप्यासारखी मोठ्याने हसली.

शहाऐंशीत कुणा देणगीदाराने दवाखान्याला कॉम्प्युटर दिला. त्यासाठी वेगळी खोली रंगवली, थंड हवेचं यंत्र बसवलं, दाराशी चपला काढायचा नियम झाला. देवळात जावं तसे लोक आत जात. डॉक्टरांनी हुकूम सोडला, पहिल्या दिवसापासूनचे सगळे पेशंट यात आले पाहिजेत, एक नाव गळलं तरी टक्केवारी खोटी. रंगनाथने दीड वर्ष खपून चौदाशे बारा नावं घातली, गावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने. एकलहऱ्यापाशी आल्यावर त्याचा हात थांबला होता. एक नाव गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटी यादी द्यायचं त्याच्याने होईना. त्याने दोंदे विमल असं टाइप केलं, पुढे वर्ष, त्यापुढे ‘उपचार पूर्ण’.

अठ्ठ्याऐंशीत डॉक्टर वारले आणि विश्वस्तांनी दवाखाना मिटवला. कागदाचं काय करायचं हे रंगनाथला बरोबर ठाऊक होतं. रद्दीवाल्याला एक चिटोरंही न देता त्याने सगळी पेशंटांची कार्डं गोणीतून घरी नेली. भिमाबाईने ती पिंपात आठवडाभर भिजत घातली, मेथ्या घालून कुटली आणि घमेल्यावर लिंपून त्या लगद्याच्या टोपल्या केल्या. एवढ्या माणसांचं दुखणं त्यात मुरून गेलं, एक अक्षर शोधून सापडलं नसतं.

कॉम्प्युटरचं मात्र त्याला दिसलं तेवढंच कळत होतं. तो इंदिरानगरातल्या एका नव्या कॉम्प्युटर क्लासला विकला जाणार होता. न्यायला माणसं यायच्या आधी रंगनाथने यादी पुसायचा हुकूम दिला. यंत्राने विचारलं, नक्की? त्याने होकाराची कळ दाबली. मग शोधून पाहिलं. फाईल नाही, असं यंत्र म्हणालं. त्याने तीनदा शोधलं, तीनदा तेच उत्तर. वर खबरदारी म्हणून दोन दिवस वायर काढून ठेवली, म्हणजे काही उरलंसुरलं असेल तर विजेबरोबर जाईल. त्या काळी नाशिकमध्ये याहून जास्त कळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतील, त्याला कुठला दोष द्यायचा!

पुढे त्याला त्याच क्लासात नोकरी नाही तरी मान मिळाला. कळ अडकली, छपाई रुसली की क्लासचे सर त्याला बोलावून घेत. झुंबरचा धाकटा भाऊ जयराम बी.कॉम. होऊन घरी बसला होता. बहिणीच्या दिराचं भलं व्हावं म्हणून रंगनाथनेच सरांना गळ घालून त्याला त्या क्लासात शिकायला जागा मिळवून दिली. विमलने पत्रात लिहिलं होतं, सासूबाई तुझं नाव काढतात.

एका रविवारी दुपारी तो छपाईचं यंत्र उघडून बसला होता. पलीकडे सर पंधरा मुलांना एक नवी फ्लॉपी दाखवत होते. पुण्याहून आणलेली, पुसलेल्या फायली परत आणणारी. सर म्हणाले, आपण पुसतो म्हणजे काय करतो? पुस्तकातली अनुक्रमणिका फाडतो, पानं जागेवरच असतात. आता या मशिनच्या पहिल्या मालकाने काय पुसलं ते बघू. पोरं हसली. रंगनाथच्या हातातला स्क्रू खाली पडला.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. वर दवाखान्याचं नाव, खाली आडगाव, आंबेबहुला. एक पडदा भरला की यादी थांबे, सर कळ दाबत, पुढचा पडदा येई. अख्ख्या जगात ती यादी पाठ असलेला एकच माणूस तिथे होता. त्याला ठाऊक होतं, आडगावचे इतके, चांदोरीचे इतके, मग देवळाली, दिंडोरी, आणि त्याच्या मागोमाग इंग्रजी ‘ई’, म्हणजे एकलहरे. पुढच्या रांगेत जयराम मांडी घालून बसला होता. गप्प बसावं तर नाव येतंय, उठावं तर सगळे बघतात. दिंडोरी सुरू झाली तसा तो उठला, पोरांच्या अंगावरून गेला आणि भिंतीतला प्लग उपसून काढला.

नाव आलं नव्हतं. तेवढ्यावर तो बाहेर पडला असता, काहीतरी थाप मारली असती, तर वेळ निभली असती. पण सरांनी विचारलं, “दोंदे, हे काय केलंत?” आणि या माणसाला आयुष्यात थाप मारता आली नव्हती. तो घामाने डबडबून उभा राहिला आणि चपला हातात घेऊन निघून गेला. मग काय, माणूस एवढा भ्यायला कशाला, हे पाहायला पोरांनी प्लग परत लावला, फ्लॉपी पुन्हा चालवली. जयरामला तर ती यादी वाचायचीच होती. आपल्या सोयऱ्याचा जीव कुठे अडकलाय हे बघत त्याने दिंडोरीच्या पुढची कळ स्वतः दाबली.

जयरामने वाचलेलं नाव लासलगावात पोचलं, पण तिथे आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं, भांडणाला उत्तर तरी देता येतं. कुसाबाईने, विमलच्या सासूने, तिचं ताट आणि तांब्या वेगळा काढला. नातवाला आपल्याजवळ निजवायला घेतलं. झुंबर मान खाली घालून कामावर जाई आणि मान खाली घालून परत येई.

रंगनाथ सरकारी डॉक्टरांचा दाखला घेऊन गेला. विमल बरी आहे, सात वर्षांपासून बरी आहे, तिच्यापासून कुणाला काही होणार नाही, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. कुसाबाईने तो झुंबरकडून वाचून घेतला आणि घडी करून परत दिला.

“मला पटतंय रे बाबा,” ती म्हणाली. “पण गावाला कोण वाचून दाखवील? माझ्या पोरीचं लग्न व्हायचं हाय अजून. नाय म्हणायला लोकांना एवढंच पुरं हाय.”

ती दुष्ट नव्हती, हेच वाईट. दुष्ट असती तर रंगनाथ रागावून मोकळा झाला असता. महिन्याभराने झुंबरने विमलला एकलहऱ्याला आणून सोडलं. चार दिवसांसाठी, असं तोंडाने म्हणाला. मुलगा त्याने आणला नव्हता. चार दिवस गेले, दिवाळी गेली, नव्वद साल उजाडायला आलं. रंगनाथ दर पंधरवड्याला लासलगावला जाई, भाच्याला लांबून बघे आणि परत येऊन पोरगं जाड झालंय एवढंच सांगे.

विमल त्याच्यावर एकदाही चिडली नाही. फक्त एकदा, धुणं पिळताना, मान वर न करता तिने विचारलं, “दादा, चौदाशे नावं होती ना रे? माझं एक नसतं लिहिलं तर?”

तो दारातच उभा होता. टक्केवारी चुकली असती म्हणून सांगणार?

त्या दिवशी जेवायला भिमाबाईने चौघांची पानं वाढली. तिघं बसले. विमलने आपलं ताट उचललं, तांब्या घेतला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. आई म्हणाली, पोरी, इथं ये की, हे तुझं घर हाय. विमल म्हणाली, असू दे, तिकडची सवय झालीय मला, आणि तिने पहिला घास घेतला. रंगनाथ ताट घेऊन उठला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. ती सरकून आणखी लांब झाली.