पाचवा हेक्झेन
मी इथे चंदीगडला रसायनशास्त्र शिकवते, तरी मुलीच्या क्लासमध्ये कधी नाक खुपसलं नव्हतं. पण तिचा पेपर पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. हेक्झेनचे पाच आयसोमर काढायचे होते, म्हणजे अणू तेच, जोडणी वेगळी. तिला पाचपैकी पाच मार्क, आणि दोन आकृत्या चक्क एकच! एकीत फांदी डावीकडून दुसऱ्या कार्बनवर, दुसरीत उजवीकडून दुसऱ्या. मधल्या कार्बनवर फांदी असलेला खरा पाचवा गायबच.

"सरने बोर्ड पे यही करवाया था," मुलगी म्हणाली.

मी तिला घेऊन तडक मनीमाजऱ्यातल्या क्लासला गेले. सरांसमोर पेपर उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. उजेडात मागून पाहिलं की एक आकृती हुबेहूब दुसरी होत होती.

"मॅडमजी, पाँच माँगे थे, पाँच हैं ना?" सर शांतपणे म्हणाले.

घरी येताना मुलगी रडकुंडीला आली. "मम्मा, अब मेरे नंबर कटेंगे."

कापलेच. फक्त तिचे. फळ्यावरून तीच आकृती उतरवलेल्या बाकीच्या सगळ्या वर्गाला अजूनही पाचपैकी पाच आहेत.