एरंडेलाचा वास

सायकलच्या पंपाचं चामडी वायसर आज एरंडेलात बुडवलं आणि वास येताच ते खाली ठेवून दिलं. कामरगावच्या रहीमचाचा लोहारांनी पन्नास वर्षांपूर्वी मला हवेची बंदूक करून दिली होती. तिला हाच वास यायचा. नळी साध्या पाइपाची, दस्ता बाभळीचा, आणि आत हवा दाबणारं असंच तेलकट वायसर. पंचविशीतला मी ती खांद्यावर टाकून गावभर मिरवायचो.

एका सकाळी चाचांच्या भट्टीसमोरच्या कडुनिंबावर होला बसला होता. मी नेम धरला. छर्रा लागला, पण जोर कमी पडला. होला खाली पडून एका पंखावर गोल गोल फिरत राहिला. चोचीत रक्ताचा बुडबुडा फुगायचा, फुटायचा.

मी काय म्हणालो? "चाचा, वायसर ढिल्लं हाये. बदलून द्या."

"वायसराचं मंग पाहू. पयले त्या पाखराले तं सोडवा!"

मला हात भरवायचे नव्हते. शेवटी चाचांनीच त्याची मान मुरगळली, हात धुतले आणि वायसर बदललं.

नवं वायसर झकास निघालं. संध्याकाळपर्यंत मी आणखी चार होले पाडले, आणि चाचांना दाखवायला घेऊन गेलो.