फोटोमामांचा स्वतःचा फोटो

घरच्या घरी फोटो स्टुडिओ उभारण्याच्या पहिल्याच दिवशी मी बायकोच्या माहेरची पांढरी चादर जाळली. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं की, लाईटपुढे पांढरं कापड धरलं की उजेड मऊ होतो. कापड किती अंतरावर धरायचं हे ऐकायच्या आत मी उठलो होतो. मंडपवाल्या मित्राकडून हॅलोजन आणला, हॉलमध्ये पाटावर ठेवला आणि तापकरी माणसाला पांघरतात तशी त्याच्यावर चादर पांघरली. दोनच मिनिटांत धूर. मी पाणी आणायच्या ऐवजी मोबाईल वाचवायला धावलो.

तेवढ्यात उघड्या दारातून वरच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ आत आले. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि हातात बादली. त्यांनी आधी प्लग उपटला, चादर खाली ओढून तिच्यावर बादली रिकामी केली आणि मग एक डोळा मिटून शांतपणे सगळ्या खोलीकडे बघितलं.

"जळालं ते जळालं, सायेब," ते म्हणाले, "पण लाईट लई खाली लावला व्हता तुम्ही. खालून उजेड मारला की माणूस भुतावानी दिसतो."

हे फोटोमामा. भोकरला चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला तेव्हा दुकान बंद करून ते नांदेडला लेकीकडे राहायला आले. लेक-जावई दिवसभर नोकरीवर आणि मामा गॅलरीत. त्या जळक्या वासाने त्यांना पुन्हा कामाला लावलं असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न बोलावता आले आणि माझा स्टुडिओ त्यांनी तासाभरात मोडून पुन्हा मांडला. हॅलोजन मंडपवाल्याकडे परत गेला. दोन साधे एलईडी बल्ब, खोक्याच्या पुठ्ठ्याची चौकट, तिच्यावर बटर पेपर, असा मऊ उजेड तयार झाला. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल दुसऱ्या बाजूला उभा राहिला. तिकडची सावली उजळायला. मी स्टूल भिंतीला टेकवलं होतं, ते मामांनी चार पावलं पुढे ओढलं. "भितीला खेटून बसवलं की मागं सावली बी येऊन बसती. फोटो एकाचा अन् माणसं दोन." उजेड बघायला ते मीटर वापरत नसत. स्वतःची मूठ लाईटपुढे धरायची आणि बोटांच्या पेरांवर सावली कशी पडते ते बघायचं.

मला त्यांनी माणसाचा फोटो पंधरा दिवस काढू दिला नाही. स्टुलावर पाण्याचा माठ ठेवला आणि म्हणाले, "ह्याचा गोलपणा दिसला पायजे. ह्यो माठ हाय, भाकरी न्हाई." माझ्या पहिल्या चाळीस फोटोंत भाकरीच आली. ऐन उन्हाळ्यात आमचं पिण्याचं पाणी हॉलमध्ये पोज देत होतं. "मी पंचवीस वर्षं ह्या घरात आहे," बायको म्हणाली, "माझे एवढे फोटो नाही काढले कधी." मामा म्हणाले, "ताई, माठ हालत न्हाई. तुमच्यावर यायला सायबाला अजून टाइम हाय."

मामांची एक सवय मात्र पाहुण्यांना झेपत नसे. घरात कुणीही आलं की ते विचारत, "तुमचा एकट्याचा चांगला फोटो हाय का? न्हाई? मग बसा की. मागून घरच्यांची धावपळ नको." माझे मेहुणे रेणापूरहून मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले, तर मामांनी त्यांनाही स्टूल दाखवलं. मेहुणे चहा अर्धा टाकून उठले. बायकोची मावशी मात्र खूश झाली, नवं लुगडं नेसून दुसऱ्या दिवशी परत आली आणि "दात दिसू देऊ का झाकू?" म्हणून विचारलं.

या सवयीचं मूळ मामांनी एकदा सांगितलं. भोकरला माणूस गेला की तिसऱ्या दिवशी घरचे लोक फोटो शोधत स्टुडिओत येत. कुणी पासबुकावरचा आणत, निम्मा शिक्क्याखाली गेलेला. कुणी लग्नातला ग्रुप आणत, त्यात गेलेला माणूस बँडवाल्याच्या मागे. मामा तेवढं डोकं कापून मोठं करत आणि खाली साडूच्या फोटोतला कोट जोडत. "तालुक्यातले निम्मे गेलेले लोक माझ्या साडूच्या कोटात हायेत," ते म्हणत, आणि आम्ही हसायचो. पण एकदा एक म्हातारी नवऱ्याचा फोटो न्यायला आली. फ्रेम हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या मालकानं जल्मात कोट घातला न्हाई. ह्यो कोण हाय, बाबा?"

"तवापासून," मामा म्हणाले, "जित्या माणसाला धरून बसवून राहिलो."

पावसाळ्याच्या शेवटी मामांच्या छातीत दुखायला लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पुढच्या सोमवारी. शनिवारी मामा खाली आले ते दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

"सायेब, आज माझा काढा. माझा एकट्याचा एकच फोटो हाय, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात मी ठाण्यातून सुटल्यावानी दिसतो. उद्या काही कमीजास्त झालं तर पोरगी त्योच मोठा करील. अन् करणारा मला कोटात घालील."

"काहीतरीच काय मामा!" मी म्हणालो. पण ते हसत नव्हते.

तालुक्याला हसवणारा हा माणूस स्टुलावर बसला आणि दगड झाला. मान ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे वटारलेले. मी विनोद सांगितले, तेही त्यांनी मतदार म्हणूनच ऐकले. तीस-पस्तीस फोटो झाले. कॅमेऱ्यात बघून मामा दर वेळी मान हलवत. "कार्डच हाय," ते पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माठावर केलेला सगळा अभ्यास वाया गेला होता.

बायकोने मला स्वयंपाकघरात खेचलं. "अहो, तुम्हाला जे जमतं ते करा ना."

"काय जमतं मला?"

"चुका. लाईट खाली लावा. पहिल्या दिवशी लावला होता तसा."

मी बाहेर येऊन मुकाट्याने लाईटची चौकट स्टँडवरून काढली आणि पाटावर ठेवली, मामांच्या पायांशी. मामांनी बघितलं. मग ते जागचे अर्धे उठले, हात लांब करून चौकटीकडे झेपावले आणि ओरडले, "अरे सायेब, कामून मला भूत करून राहिले! सा महिने काय माठालाच शिकवलं का मी?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना असं हसू फुटलं की सगळं तोंड उजळून निघालं. खिडकीचा उजेड होताच. मी बटण दाबलं.

फोटो थोडा वाकडा आला. मामा अर्धे उभे, एक हात लाईटकडे, फोटोच्या कडेबाहेर गेलेला, तोंड उघडं. त्यांनी तो बराच वेळ बघितला. "ह्यो मी हाय," ते म्हणाले आणि उठून जिन्याकडे गेले. सोमवारी लातूरला जाताना पिशवीत तो फोटो होता.

ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतर मामा तीन वर्षं आमच्या हॉलमध्ये येत राहिले आणि माझ्या चुका काढत राहिले. अर्ध्या कॉलनीचे एकट्याचे फोटो आम्ही दोघांनी काढले. मेहुणेही शेवटी येऊन बसले. गेल्या वर्षी एका दुपारी मामा गॅलरीतल्या खुर्चीत झोपले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याला आम्ही वर गेलो. लेकीने कुठलाही फोटो शोधला नव्हता. तोच होता, मोठा केलेला. हार घालायची पंचाईत झाली होती, कारण हार घातला की तो लांब केलेला हात झाकला जायचा. भोकरहून आलेले लोक डोळे पुसत फोटोसमोर जायचे आणि हसत परत फिरायचे.

जिना उतरताना बायको मधेच थांबली. पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "बघितलं का? गेले तरी तुमचा लाईट नीट करून राहिलेत."