मोराचा डोळा

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या सुमारास चादरीच्या कारखान्यात माझा एक जोडीदार आणि मी एकाच बाकावर बसायचो. हातमागावरची नक्षी यंत्रमागासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडून उतरवायची, हे आमचं काम. चौकटीत वेल, वेलीत मोर. मी काठापासून सुरुवात करायचो. मोरापर्यंत येईस्तोवर जागा पुरायची नाही आणि मोराचं बदक व्हायचं. तो मोराच्या डोळ्यापासून बाहेर बाहेर यायचा. तंबाखू चघळत आमच्याशी मराठीत बोलायचा, पण भोकं मोजायचा तेलुगूत.

“आदी डोळा बसवा की, मग मोर कुटं जातोय?” सगळ्यांसमोर हसत सांगायचा. मी तसंही करून पाहिलं. डोळा झकास आला, बदक बदकच राहिलं.

एकदा बायकोनं बाजारातनं चादर आणली.

“बघा की वो, मोर किती जिवंत हाय! कुनी केला असंल?”

डोळ्यावरनंच मी त्याचा हात ओळखला, पण ऐकलंच नाही असं दाखवलं. थंडी पडल्यावर मात्र तीच चादर अंगावर घ्यावी लागली. मोर दिसू नये म्हणून मी ती उलटी पांघरली. त्या बाजूला फक्त रंग पालटले होते. मोर तस्साच, डोळा उघडा, माझ्याकडेच बघत.